शालेय खेळाडू, त्यांचा जिल्हा आणि कॉलेजची वाट : मालेगावच्या मुलांसाठी नकाशा कसा आहे?

दहावी-बारावीत शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी तालुक्यात सगळ्यात वेगाने धावते, कुस्तीत कोणाला ऐकत नाही किंवा खो-खोत पकडली जात नाही. आता पुढे काय? कोणत्या कॉलेजात जायचे, तिथे खेळ चालू राहील का, फी माफ होईल का, नोकरीला उपयोग होईल का? हे प्रश्न महाराष्ट्रात दरवर्षी हजारो घरांत विचारले जातात. त्यांची उत्तरे मात्र मूल किती चांगले खेळते एवढ्यावरच ठरत नाहीत. ते कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या महापालिकेत आणि कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत राहते, यावरही बरेच काही अवलंबून असते.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे समजून घेण्यासाठी चांगले उदाहरण आहे. गिरणा आणि मोसम नद्यांच्या काठचे, यंत्रमागांचे हे शहर जिल्ह्याचे ठिकाण नाही, पण २००१ पासून तिथे महानगरपालिका आहे. नाशिक तिथून साधारण १०० किलोमीटरवर, तर धुळे त्याच्या निम्म्या अंतरावर. या भूगोलाचा खेळाडूच्या वाटचालीवर थेट परिणाम होतो. तो कसा, ते पाहू.

शालेय स्पर्धांची शिडी कशी असते?

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते. मुलांचे आणि मुलींचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. अकरावी-बारावीचे विद्यार्थी साधारणपणे १९ वर्षांखालील गटात येतात. खेळाडूला स्वतःहून नाव देता येत नाही. प्रवेशिका शाळेमार्फत किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच जाते.

पायऱ्या अशा : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. राष्ट्रीय पातळीवर या स्पर्धा भारतीय शालेय खेळ महासंघामार्फत होत आल्या आहेत. राज्याचे महसुली विभाग सहा असले तरी क्रीडा विभाग आठ आहेत : मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर.

या रचनेतील एक गोष्ट पालकांच्या लक्षात उशिरा येते. मोठ्या शहरांची महापालिका क्षेत्रे स्पर्धेसाठी स्वतंत्र जिल्ह्यासारखी धरली जातात. त्यामुळे मालेगाव शहरातील शाळेचा विद्यार्थी ‘मालेगाव महापालिका’ म्हणून खेळतो, तर दाभाडी किंवा झोडगे यांसारख्या मालेगाव तालुक्यातील गावचा विद्यार्थी ‘नाशिक ग्रामीण’च्या रांगेत उभा राहतो. दोघांच्या घरांत जेमतेम काही किलोमीटरचे अंतर असेल, पण एकाला एका शहरातील शाळांशी सामना करून विभागापर्यंत पोहोचता येते. दुसऱ्याला आधी आपल्या तालुक्यात आणि मग सुरगाणा, दिंडोरी, चांदवड, निफाड अशा तालुक्यांतील उत्तम खेळाडूंना मागे टाकावे लागते. लांब पल्ल्याच्या धावण्यात तर ही रांग राज्यातील सर्वांत कठीण रांगांपैकी एक आहे.

याचा अर्थ शहरातील मुलाला सगळे सोपे जाते असा नाही. पहिली पायरी सोपी असली की दमदार प्रतिस्पर्धी उशिरा भेटतात. जिल्ह्यात सहज जिंकलेला खेळाडू विभागात पहिल्याच फेरीत हरतो, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

सांघिक आणि वैयक्तिक खेळांत फरक काय?

कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, फुटबॉल अशा खेळांत जिल्ह्यातून पुढे जातो तो विजयी शाळेचा संघ. त्यामुळे दुबळ्या संघातील उत्तम खेळाडू शाळेबरोबर बाहेर पडतो आणि निवड समितीच्या नजरेसमोर येतच नाही. धावणे, कुस्ती, नेमबाजी, तिरंदाजी, वेटलिफ्टिंग अशा वैयक्तिक खेळांत मात्र लहान गावच्या एकट्या मुलालाही आपल्या कामगिरीवर पुढे जाता येते.

म्हणूनच सांघिक खेळात शाळा बदलण्याला फार महत्त्व येते. याचे सर्वांत गाजलेले मराठी उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकर. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला. कारण शारदाश्रमचा संघ हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या स्पर्धांत तगडा होता. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्येच सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. मुंबईत शाळा बदलणे म्हणजे बसचा मार्ग बदलणे. मालेगाव, शिरपूर किंवा माणच्या मुलासाठी तोच निर्णय घर सोडण्याचा असतो.

क्रिकेटमध्ये आणखी एक सीमा आहे. महाराष्ट्र राज्यात तीन स्वतंत्र क्रिकेट संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि उरलेल्या जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र. मालेगावचा मुलगा महाराष्ट्र संघटनेच्या वाटेने जातो. रणजी करंडकाची तब्बल ४२ विजेतेपदे मुंबईकडे आहेत. विदर्भाने पहिले विजेतेपद २०१७-१८ मध्ये मिळवले आणि पुढे २०१८-१९ व २०२४-२५ मध्येही करंडक जिंकला. महाराष्ट्र संघाची दोन्ही विजेतेपदे मात्र १९३९-४० आणि १९४०-४१ या हंगामांतील आहेत. एकाच राज्यातील, एकाच भाषेतील मुलांसमोरच्या या तीन वाटा किती वेगळ्या आहेत, हे यावरून दिसते.

कोणत्या भागातून कोणते खेळाडू येतात?

महाराष्ट्राचा क्रीडा नकाशा ढोबळमानाने असा दिसतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा : कुस्तीची जुनी परंपरा. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. अलीकडच्या काळात कोल्हापूर नेमबाजीसाठी ओळखले जाते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसळे, तिघेही याच जिल्ह्यातील. शहरातील पेठांच्या तालमींचे फुटबॉल वेड वेगळेच. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक मिळवले.

नाशिक आणि दुष्काळी पट्टा : लांब पल्ल्याचे धावपटू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. दिंडोरी तालुक्यातील मोनिका आथरे २०१७ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावल्या. बीडच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर, दोघेही ३ हजार मीटर स्टीपलचेसचे.

धाराशिव, पुणे, ठाणे, मुंबई उपनगर : खो-खो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

अमरावती : १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे शारीरिक शिक्षण आणि देशी खेळांचे केंद्र. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

हा फरक मातीचा की माणसांचा?

‘त्या मातीतच कुस्ती आहे’, ‘डोंगरातली पोरं म्हणून पळतात’ असे आपण सहज म्हणतो. त्यात थोडे तथ्य आहे. रोज शाळेसाठी चार-सहा किलोमीटर चालणाऱ्या-पळणाऱ्या मुलाचा दम वाढतोच. पण नुसत्या चालण्याने पदक मिळत असते तर राज्यातील प्रत्येक डोंगरी तालुक्यातून कविता राऊत तयार झाल्या असत्या. काही जण नाशिकच्या हवेला श्रेय देतात. पण शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर आहे आणि विरळ हवेचा प्रशिक्षणासाठी उपयोग साधारण २ हजार मीटरच्या आसपास सुरू होतो.

नाशिकमध्ये प्रत्यक्षात घडले ते असे : विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक अनेक वर्षे एकाच ठिकाणी टिकला, आसपासच्या तालुक्यांतील मुले-मुली त्याच्याकडे आली, एकीला यश मिळाले आणि तिला पाहून पुढच्या दहा जणी आल्या. प्रशिक्षक, एकमेकांना ओढणारा गट, सरावाची जागा आणि शेवटी नोकरीची आशा, या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे तो जिल्हा ‘त्या खेळाचा’ होतो.

तीन उदाहरणांवरून हे पटते.

पहिले, दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव, म्हणजे मालेगावकरांच्या अगदी शेजारचे. पाण्याची टंचाई असलेल्या या भागात नौकानयनाची परंपरा असण्याचा प्रश्नच नव्हता. सैन्यात गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा वल्हे हातात घेतले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत ते तेराव्या स्थानी राहिले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक जिंकले. क्षमता चांदवडमध्ये होती, खेळ मात्र पुण्यात भेटला.

दुसरे, ओजस देवतळे. नागपूरचा हा तिरंदाज साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकायला गेला. तिथेच साताऱ्याची अदिती स्वामी शिकत होती. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दोघेही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. साताऱ्याची माती नागपूरकराला लागू पडली, कारण ती मुळात माती नव्हतीच.

तिसरे, फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने त्यांच्यातील चुणूक ओळखली. धावण्यातून ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेले, तिथे तिरंदाजीकडे वळले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. मूल कोणत्या खेळासाठी बनले आहे, हे गावात असताना ठरवता येतेच असे नाही.

परदेशातील संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मगावांचा अभ्यास करून जीन कोटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले की, ५ लाखांहून कमी वस्तीच्या शहरांतून आलेल्या खेळाडूंचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. मोकळी जागा, ओळखीचे वातावरण आणि अनेक खेळ खेळण्याची संधी ही त्याची संभाव्य कारणे. मालेगाव वस्तीने साधारण त्याच आकाराचे शहर आहे. पण दाट वस्ती आणि मैदानांची टंचाई असेल, तर नुसत्या आकाराचा फायदा मिळत नाही.

जन्मतारखेचा काय संबंध?

शालेय वयोगट १ जानेवारी या तारखेवर ठरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षभराचे अंतर असते. चौदाव्या वर्षी एका वर्षात उंची आणि ताकदीत मोठा फरक पडतो. कॅनडातील आइस हॉकीपटूंवर १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासापासून अनेक खेळांत हे दिसले आहे की, निवड झालेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या जास्त असते. निवड झाली की प्रशिक्षण मिळते, प्रशिक्षण मिळाले की फरक वाढत जातो. म्हणून वर्षअखेरीस जन्मलेले मूल १४ वर्षांखालील गटात मागे पडले, तर त्याला खेळातून बाहेर काढण्याची घाई करू नये.

बारावीनंतर हद्द कशी बदलते?

इथे मालेगावच्या खेळाडूसाठी सर्वांत मोठे वळण येते. शाळेत असताना त्याचा नाशिक विभाग असतो, म्हणजे सामना धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांशी. पदवीला प्रवेश घेतला की मालेगावचे कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येते. या विद्यापीठात पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबारची कॉलेजे मात्र जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहेत.

म्हणजे कालपर्यंत धुळ्याच्या मुलाशी लढणारा मालेगावचा मुलगा उद्या पुण्यातील खेळाडूंशी लढतो. पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे, सैन्याची क्रीडासंस्था आहे, देशभरातून आलेले खेळाडू आहेत. विद्यापीठ संघात जागा मिळवण्यासाठी आधी नाशिक विभागातून आणि मग आंतरविभागीय स्पर्धेतून पुढे जावे लागते. हाच मुलगा ५० किलोमीटरवरच्या धुळ्यातील कॉलेजात गेला, तर तुलनेने लहान विद्यापीठाच्या संघासाठी प्रयत्न करेल. तिथे संघात येण्याची शक्यता वाढू शकते. पण सरावाचे भागीदार आणि स्पर्धेची धार कदाचित कमी मिळेल. दोन्ही पर्यायांत तोटा-फायदा आहे, आणि तो खेळागणिक वेगळा आहे. निर्णय घेताना निदान ही निवड आपल्यासमोर आहे, हे ठाऊक असायला हवे.

विद्यापीठ संघात निवड झाल्यावर पुढची पायरी भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांची आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची. तिथून जागतिक विद्यापीठ स्पर्धेचीही वाट आहे. चांदवड तालुक्यातील वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. कॉलेजात गेल्यावर खेळ संपतो असे मानणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे.

भारतात कॉलेजे खेळाडू ‘भरती’ करतात का?

अमेरिकेत हे एक पूर्ण तंत्र आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षांत विद्यापीठांचे प्रशिक्षक राज्याराज्यांत फिरून खेळाडू हेरतात आणि लेखी शिष्यवृत्ती देऊ करतात. तिथेही प्रादेशिक असमतोल आहे. अमेरिकन फुटबॉलसाठी टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया या राज्यांतील शाळांवर प्रशिक्षकांची सर्वाधिक नजर असते. लहान राज्यातील मुलाला स्वतःच्या खेळाचे चित्रीकरण पाठवून लक्ष वेधून घ्यावे लागते. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली आणि त्यातून मुलींच्या महाविद्यालयीन खेळाला मोठे बळ मिळाले.

भारतात असे देशव्यापी तंत्र नाही, पण त्याची काही रूपे आहेत. पंजाबमधील विद्यापीठे त्यात पुढे आहेत. गुरू नानक देव विद्यापीठ, पंजाब विद्यापीठ आणि पंजाबी विद्यापीठ यांनी विद्यापीठांसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवला आहे. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी जादा जागा असतात आणि त्यासाठी मैदानावर चाचणी होते.

महाराष्ट्राचे चित्र इथे विचार करायला लावणारे आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्र २०१९ (पुणे), २०२० (गुवाहाटी), २०२३ (मध्य प्रदेश), २०२४ (तमिळनाडू) आणि २०२५ (बिहार) असा पाच वेळा पदकतालिकेत पहिला आला. म्हणजे १८ वर्षांपर्यंत राज्याची मुले देशात आघाडीवर आहेत. पण २०२० ते २०२४ दरम्यानच्या पहिल्या चार खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत विजेतेपद पंजाब विद्यापीठ (दोनदा), बंगळुरूचे जैन विद्यापीठ आणि चंडीगड विद्यापीठ यांच्याकडे गेले. पुणे विद्यापीठ २०२० मध्ये दुसरे आले होते. ही तुलना जपून करायला हवी. युवा स्पर्धेत राज्याचा एकच संघ असतो, तर विद्यापीठ स्पर्धेत राज्याची पदके अनेक विद्यापीठांत वाटली जातात. तरीही शाळेतील आघाडी कॉलेजात तशीच टिकत नाही, असे म्हणायला जागा आहे.

महाराष्ट्रात कॉलेज खेळाडूसाठी खरोखर काय करू शकते, याचे जुने उदाहरण कोल्हापूरचेच आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. आज कोणा प्राचार्यांवर ही वेळ येऊ नये. पण सरावाच्या वेळी हजेरीची सवलत, परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्यास फेरपरीक्षा, प्रवासखर्च आणि वसतिगृहात जागा, एवढे तरी कॉलेजने करावे ही अपेक्षा रास्त आहे.

मग खेळाडू नेमके कोण निवडते?

कॉलेजांपेक्षा अधिक ठामपणे निवड करणाऱ्या चार यंत्रणा आपल्याकडे आहेत.

एक, क्रीडा प्रबोधिनी. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही राज्य शासनाची निवासी योजना. लहान वयातील मुलांच्या उंची, उभी उडी, जागेवरून लांब उडी, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्या घेऊन निवड होते. राहणे, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासनाचे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे २००९ मध्ये या योजनेत आले आणि नेमबाजीचे धडे त्यांनी नाशिकला घेतले.

दोन, सैन्य. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि वेगवेगळ्या रेजिमेंटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या शालेय वयातच मुले निवडतात. मोठ्या वयात भरती झालेल्यांनाही संधी मिळते. अविनाश साबळे आणि दत्तू भोकनळ हे दोघे सैन्यात गेल्यावरच आपल्या खेळापर्यंत पोहोचले.

तीन, केंद्र सरकारची खेलो इंडिया योजना. निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद असते. त्यात हातखर्चासाठी दरमहा १० हजार रुपये मिळतात.

चार, नोकरी देणारे. रेल्वे, पोलीस, बँका आणि सरकारी कंपन्या खेळाडूंची भरती करतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ग्रामीण भागातील बहुतेक घरांत खेळाचा विचार होतो तो या पाच टक्क्यांच्या आशेने, आणि त्यात गैर काही नाही.

प्रमाणपत्र आणि वाढीव गुण यांचे काय?

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. स्पर्धेची पातळी जितकी वरची तितके गुण जास्त, आणि कमाल मर्यादा २५. प्रस्ताव शाळेमार्फत, दिलेल्या मुदतीत जावा लागतो. मुदत चुकली की राष्ट्रीय पदकही निकालपत्रावर उमटत नाही.

या सवलतीची एक काळी बाजू आहे. प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आल्यावर बनावट प्रमाणपत्रांचा बाजारही तयार झाला आणि अशी प्रकरणे राज्यात उघड झाली. म्हणून आता नोकरीआधी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. आपण खेळलेली स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, खेळ आरक्षणाच्या यादीत आहे का, किमान किती संघ सहभागी होते, हे प्रश्न त्या वेळी विचारले जातात. पैसे भरून ‘राष्ट्रीय’ स्पर्धेचे प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

मुलींसाठी चित्र वेगळे आहे का?

नाशिक जिल्ह्याचे नाव धावण्यात मोठे केले ते मुख्यतः मुलींनी, हे वर आलेच. पण चौदा ते सतरा या वयात अनेक मुलींचा खेळ सुटतो. सरावाची वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, मैदान लांब, कपडे बदलायला जागा नाही, सोबत यायला कोणी नाही, अशी साधी कारणे असतात. कामगार वस्तीच्या शहरात त्यात घरकामाची भर पडते. उपायही तितकेच साधे आहेत : शाळेच्याच आवारात सराव, मुलींचा गट करून ये-जा आणि शक्य तिथे महिला प्रशिक्षक. ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होत्या. पुढे त्या धावण्याकडे वळल्या आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. शाळेतला खेळ सुटला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

कॉलेज निवडताना काय विचारावे?

प्रवेशाआधी क्रीडाशिक्षकाला भेटून पुढील गोष्टी विचाराव्यात.

गेल्या तीन वर्षांत या कॉलेजचे किती खेळाडू विद्यापीठ संघात होते, आणि कोणत्या खेळात?

आपल्या खेळाचा प्रशिक्षक कॉलेजात किंवा त्याच गावात आहे का? रोजच्या प्रवासात दोन तास जाणार असतील, तर कॉलेजच्या नावाचा उपयोग मर्यादित आहे.

फी, वसतिगृह, आहार आणि स्पर्धेच्या प्रवासखर्चाबाबत लेखी काय मिळते?

हजेरी आणि परीक्षेचा नियम काय आहे?

दुखापत झाली आणि खेळ थांबला, तर सवलत चालू राहते का?

आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी साधारण १७ ते २५ अशी वयाची अट असते. त्यामुळे बारावीनंतरची एक-दोन वर्षे वाया गेली तरी दार लगेच बंद होत नाही. पण शालेय गटातील संधी मात्र वयाबरोबर संपते. म्हणून पहिली ते शेवटची सगळी प्रमाणपत्रे, प्रवेशिकांच्या प्रती आणि जन्मदाखला एका जागी जपून ठेवावा. नावाचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे ना, हे आजच तपासावे. पडताळणीत अनेक खरे खेळाडू अडकतात ते याच ठिकाणी.

मालेगावसारख्या शहराला काय करता येईल?

नवे मोठे स्टेडियम बांधणे हा एकच उपाय नाही. नाशिकचे धावपटू, साताऱ्याचे तिरंदाज आणि कोल्हापूरचे नेमबाज पाहिले तर सुरुवात एका टिकून राहणाऱ्या प्रशिक्षकापासून होते असे दिसते. शाळांची मैदाने सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी परिसरातील मुलांना खुली करणे, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांचे एकत्र सराव सामने घेणे, क्रीडा प्रबोधिनी आणि सैन्याच्या चाचण्यांच्या तारखा प्रत्येक शाळेच्या फलकावर लावणे, या गोष्टींना फार खर्च येत नाही. महापालिका क्षेत्राला मिळालेली स्वतंत्र जिल्ह्याची जागा ही मोठी संधी आहे. दरवर्षी प्रत्येक खेळातून मालेगावचे कोणीतरी विभागापर्यंत जातेच. तिथे पोहोचलेल्या त्या मुलांना पुढची दोन वर्षे कोण शिकवणार, हे ठरवले तर या नकाशावर शहराचे नावही एखाद्या खेळासमोर लिहिता येईल.